दोन बोटं बाहेर

पमावन्संनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बघायला आलेली बाकीची माणसं माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, त्या माझ्या खांद्याकडे बघत होत्या. "पदराची पिन उलटी लागलीय, टोचेल," म्हणाल्या. उठून जवळ आल्या, पिन काढून सरळ लावली आणि जागेवर जाऊन चहा प्यायल्या. पाहुणे गेल्यावर माझे वडील म्हणाले, "मुलगा चांगला आहे. नणंद मात्र जड जाईल हं तुला."

ती नणंद मला सव्वीस वर्षं लाभली. जड गेली का, या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं 'हो' असंच दिलं असतं.

त्या माझ्या नवऱ्याच्या, सुनीलच्या, मोठ्या बहीण. मूळ गाव निफाडच्या बाजूला. यजमान नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. लग्नानंतर चारच वर्षांत ते गेले आणि त्यांच्या जागी पमावन्सं कामाला लागल्या. मूलबाळ नव्हतं. टपालतिकिटं छापली जातात तिथे, छापून आलेले मोठाले कागद तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. कुठे शाई पसरलीय, कुठे भोकांची ओळ सरकलीय, कुठे एखादा ठिपका जास्त पडलाय, ते बघायचं आणि खूण करायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यामुळे नजर तशी झाली, की नजर तशीच होती म्हणून हे काम त्यांना जमलं, ते मला सांगता येणार नाही. सुनील म्हणतो, लहानपणीसुद्धा पाटीवरचं त्याचं शुद्धलेखन आईच्या आधी आक्का तपासायची.

जेल रोडला त्यांच्या सोसायटीत कुणाकडे लग्न निघालं, की पत्रिका छापायला टाकण्याआधी त्यांच्याकडे यायची. एकदा त्यांनी वरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "त्या तारखेला गुरुवार नाही, शुक्रवार आहे." ते लोक हॉलवाल्याकडे धावत गेले. लोक त्यांना घाबरायचे आणि अडलं की त्यांच्याकडेच यायचे. भाजीवाली त्यांना बघून कोथिंबिरीची जुडी स्वतःच उलटी करून दाखवायची. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला एकदा त्यांना घेऊन गेले होते. मी तिथे मराठी शिकवते. स्वागताच्या फळ्यावर माझ्याच हातच्या 'आशीर्वाद' शब्दावरचा रफार चुकला होता. त्यांनी तो सगळ्यांसमोर दाखवला नाही. रुमालाने अलगद पुसला, खडू माझ्या हातात दिला आणि पुढे जाऊन बसल्या.

हे मला उशिरा समजलं. चूक दाखवून माणसाला खाली बघायला लावण्यात त्यांना रस नव्हता. दाखवलं की त्यांचं काम संपायचं. तुम्ही सुधारा, नका सुधारू. "दिसलं ते दिसलं," म्हणायच्या, आणि लगेच दुसऱ्या विषयावर जायच्या. त्यांच्या हातून जळलेली पोळी मात्र त्या स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि वर ठेवायच्या, लपवायच्या नाहीत.

आमची मुक्ता सात वर्षांची असताना स्केटिंग शिकायला लागली. सगळी मुलं शर्यती लावायची. हिला ढकलाढकली आवडायची नाही. ही कोपऱ्यात जाऊन एका पायावर गिरक्या घेत बसायची. तिच्या सरांनी ते बघितलं आणि म्हणाले, हिला फिगर स्केटिंग करू द्या. टीव्हीवर बर्फावर करतात तेच, फक्त आपल्याकडे चाकांवर. त्यात दोन भाग असतात. दुपारी गाण्यावर नाचल्यासारखं करायचं, त्यात उड्या आणि गिरक्या. आणि सकाळी त्याआधी गोल. जमिनीवर एकमेकांना चिकटलेले तीन मोठे गोल रंगवलेले असतात. त्या रेघेवरून, एकाच पायावर, हळूहळू, चाक रेघेबाहेर न जाऊ देता फिरायचं. बघणाऱ्याला ते अतिशय कंटाळवाणं. आईबाप त्या वेळात चहा पिऊन येतात.

पमावन्संना तेवढंच आवडलं.

अडचण अशी होती, की असे गोल आमच्याकडे कुठे रंगवलेले नव्हते. सुनील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर, मी शाळेत. पमावन्संनी आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. पाठीमागे सिमेंटचं गुळगुळीत पटांगण होतं, सत्यनारायणाच्या पूजेशिवाय वापरात नसायचं. सेक्रेटरींच्या सगळ्या नोटिसा याच तपासून द्यायच्या, त्यामुळे त्यांनी लगेच हो म्हटलं. एका रविवारी वन्संनी मधोमध खिळा धरला, सुतळी बांधली, खडूने गोल आखले, आणि वर पांढरा ऑइलपेंट मारला. संध्याकाळी रंग वाळल्यावर पुन्हा सुतळी लावून बघितली. मधला गोल एका बाजूला फुगला होता. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी तेवढा भाग खरवडून काढला आणि परत रंगवला. मी म्हटलं, "वन्सं, एवढ्याने काय होतं?" तर म्हणाल्या, "पोर चुकीच्या गोलावर बरोबर फिरायला शिकेल ना."

मग पाच वर्षं रोज संध्याकाळी मुक्ता त्या गोलांवर फिरायची आणि त्या कडेला उभ्या राहायच्या. खुर्ची आणून दिली तरी बसायच्या नाहीत. "दोन बोटं बाहेर." थोड्या वेळाने, "दीड बोट." मग पुन्हा, "दोन." दुसरा शब्द नाही. मुक्ता घरी येऊन कमरेवर हात ठेवून त्यांची नक्कल करायची आणि आम्ही हसायचो. एकदा चिडून तिने त्यांनाच विचारलं, "आत्या, तुला कधी काही आवडतं का गं?"

"आवडतं की."

"मग कधी बोलत नाहीस."

"मी बोलले नाही की समजायचं, आवडलं."

मुक्ताला ते पटलं. मुलांना काय पटेल ते सांगता येत नाही. त्यानंतर ती घरी आली की सांगायची, "आज आत्या अकरा वेळा गप्प बसली."

मुक्ता बारा वर्षांची असताना राज्यातून तिची निवड झाली आणि देशपातळीच्या स्पर्धेसाठी आम्ही चंडीगडला निघालो. सुनील, मी, मुक्ता आणि पमावन्सं. नाशिकरोडहून अंबाला, तिथून बस. गाडीत त्यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा असं दोन दिवसांचं बांधून घेतलं होतं. स्केट्सची पिशवी कुणाला खाली ठेवू दिली नाही, उशाशी घेतली. इटारसीच्या पुढे त्यांनी मुक्ताचा फ्रॉक काढून मांडीवर पसरला आणि टिकल्या बघायला लागल्या. दुकानातून तपासून आणलेला फ्रॉक होता. तरी सात टिकल्या सैल निघाल्या. समोरची पंजाबी बाई बराच वेळ बघत होती. तिने विचारलं, "बेटी की शादी है?" मुक्ता इतकी हसली की वरच्या बर्थवर तिचं डोकं आपटलं.

थंडीचे दिवस होते आणि तिकडची थंडी आम्हाला नवीन होती. लॉजच्या खोलीत गेल्या गेल्या पमावन्संनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं, कारण ते मागच्या महिन्यावर होतं. मग माकडटोपी घातली आणि मुक्ताचे हात आपल्या हातांत घेऊन चोळत बसल्या. त्या रात्री झोपताना मुक्ता मला म्हणाली, "आत्या आलीये ते बरं झालं. मला रेघ दिसली नाही तरी तिला दिसेल."

सकाळी गोलांची फेरी होती. कुठून कुठून मुली आल्या होत्या. सोबत आई, बाप, कोच, काहींचे तर आजीआजोबाही. सातव्या की आठव्या क्रमांकावर एक सावळी, काटकुळी मुलगी आली. निळा फ्रॉक. ओडिशातून आली होती, सस्मिता नाव. बरोबर फक्त वडील, पातळ स्वेटर घातलेले, कुणाशी न बोलता कठड्याला टेकून उभे. त्या मुलीने पाय उचलला आणि फिरायला लागली. पमावन्सं माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचं सगळं अंग पुढे झुकलं. पहिला गोल झाला, दुसरा झाला, तिसरा झाला.

"सुजाता," त्या म्हणाल्या, "बघितलंस का? रेघ सुटली नाही. एकदाही नाही."

सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव कौतुक. मुक्ता आमच्या पुढ्यातच पायरीवर बसून स्केट्सच्या लेस बांधत होती. तिचे हात थांबले. मी वन्संच्या कोपराला हात लावला. त्यांना कळलं की नाही कोण जाणे. त्या अजून त्या मुलीकडेच बघत होत्या.

मुक्ता गेली आणि चांगली फिरली. बाहेर आल्यावर तिने आत्याकडे पाहिलं. "उजव्या गोलात चारदा," वन्सं म्हणाल्या. मुक्ता पाणी प्यायला गेली.

दुपारच्या फेरीत मात्र तिने कमाल केली. माझी पोर आहे म्हणून सांगत नाही. एकदाही पडली नाही, शेवटची गिरकी इतकी लांब घेतली की गाणं संपलं तरी ती फिरतच होती. आम्ही उभे राहून टाळ्या वाजवत होतो. वन्संनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुक्ता आली, तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. मुक्ताचा चेहरा फुलला.

त्यानंतर त्या ओडिशाच्या मुलीचं नाव पुकारलं. ती आत आली आणि लगेच थांबली. तिच्या एका स्केटच्या पुढचा, ब्रेक लावायचा रबरी गट्टू सैल झाला होता. वडील गुडघ्यावर बसून पान्याने तो आवळायला लागले. पंचांनी सांगितलं, सगळ्यात शेवटी ये. पुढच्या मुलीला बोलावलं. आम्हाला भूक लागली होती. सुनील म्हणाला, चला, छोले-भटुरे खाऊन येऊ. वन्सं उठल्या नाहीत. "सगळं संपू दे. मग येते." त्या तशाच. नाटकालासुद्धा पडदा पडून दिवे लागेपर्यंत खुर्ची सोडायच्या नाहीत.

तासाभराने निकाल जिन्याजवळच्या भिंतीवर लागला. एक छापील कागद. गर्दीतून सुनील पुढे गेला आणि परत आला. तीन बोटं वर केली. तिसरा नंबर. देशात. मुक्ता माझ्या गळ्यात पडली. सुनीलने त्या कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत नाशिकहून फोन सुरू झाले. एकलहऱ्याच्या त्याच्या सहकाऱ्यांनी पार्टी ठरवून टाकली. पदकं तासाभराने वाटणार होते.

मी वन्संना शोधलं. त्या कागदासमोर उभ्या होत्या. बोट वरून खाली फिरवत होत्या. खालपर्यंत जाऊन परत वर आल्या, परत खाली गेल्या. पुन्हा एकदा. मी हसून म्हटलं, "वन्सं, तिथे तरी राहू द्या की. आपलं नाव बरोबर लिहिलंय."

त्या वळल्या. "सुजाता, हे चुकलंय."

"काय?"

"ती निळ्या फ्रॉकची मुलगी. तिचं दुपारचं गैरहजर लिहिलंय. शून्य धरलेत. म्हणून ती खाली गेलीय. ती आली होती. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. सगळ्यात शेवटी. मी बघितली."

मला एका क्षणात सगळं समजलं. सकाळी ती मुलगी सर्वांत पुढे होती. दुपारचे गुण मिळवले की ती वर येणार, आणि आमची खाली जाणार.

"तिचे वडील बघतील की," मी म्हटलं.

"ते गेले. मगाशी बॅग घेऊन बाहेर जाताना दिसले. त्यांना वाचता आलं असेल असं वाटत नाही."

मी आजूबाजूला पाहिलं. मुक्ता दोन मैत्रिणींबरोबर फोटो काढत होती. मग मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी हळू आवाजात म्हटलं, "वन्सं, राहू द्या. आपलं काम नाही ते. पाया पडते तुमच्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मग म्हणाल्या, "दिसलं ना गं," आणि टेबलाकडे चालायला लागल्या.

मी मागे गेले, थांबवता येईल म्हणून. टेबलामागे एक गृहस्थ कागद आवरत होते. वन्संचं हिंदी नाशिकरोडचं. "साब, वो कागद में गलती हुआ है," म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. तो माणूस कंटाळलेला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "आप किस टीम से हैं?"

"महाराष्ट्र."

"तो आपका क्या नुकसान हुआ?"

"नुकसान नहीं हुआ. फायदा हुआ. हमारी लड़की तीसरी आई है."

त्याने चष्मा काढला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग उठून आत गेला. पंचांच्या हातच्या मूळ चिठ्ठ्या आणल्या गेल्या. त्यात त्या मुलीचे दुपारचे गुण व्यवस्थित लिहिलेले होते. ती क्रम सोडून शेवटी आली, त्यामुळे यादी उतरवणाऱ्याने तिच्या जागी गैरहजर लिहून टाकलं होतं. कुणाचा डाव नव्हता, साधी चूक. कुणीतरी बाहेर धावलं. बाप-लेक रिक्षा स्टॅंडपाशी पिशवीतून पोहे काढून खात बसले होते, त्यांना परत आणलं. नवा कागद लागला. सस्मिता दुसरी. आधीची दुसरी तिसरी झाली, आणि मुक्ता चौथी.

ते वडील टेबलामागच्या माणसाला पुन्हा पुन्हा हात जोडत होते. त्यांना वाटलं, त्यानेच शोधून काढलं. वन्सं चार हातांवर उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

मुक्ता बाथरूममध्ये जाऊन रडली. मी दाराबाहेर उभी होते. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. म्हणाली, "आत्या सकाळपासून तिच्याकडेच बघत होती. माझ्याकडे नाही." मी तेव्हा म्हणायला हवं होतं, की नाही गं, असं नाही. मी म्हटलं नाही. तिच्यासारखं मलाही तेच वाटत होतं.

परतीचा प्रवास मला विसरता येत नाही. दीड दिवस आम्ही चौघं एकाच डब्यात, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सुनीलचा फोन वाजायचा, तो दाराशी जाऊन हळू आवाजात समजावून सांगायचा आणि परत येऊन खिडकीबाहेर बघत बसायचा. वन्संनी डबा उघडला. मुक्ता म्हणाली, भूक नाही. मीही म्हटलं, भूक नाही. त्यांनी एकटीने एक दशमी खाल्ली आणि डबा बंद केला. त्यांनी माफी मागितली नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. भुसावळला उतरून केळी आणली आणि मुक्ताच्या बर्थच्या कडेला ठेवली. मनमाडला सुनीलने त्यातलं एक सोललं. तो त्यांचा भाऊ होता. बाकीची केळी आम्ही उतरलो तेव्हा तशीच होती. वन्संनी ती उचलून पिशवीत घातली.

लोकांनी खूप बोलून घेतलं. माझी आई म्हणाली, "असं कुणी आपल्या घरच्या लेकराला करतं का?" त्यांच्या सोसायटीतल्या बायका त्यांच्यासमोर गप्प बसायच्या आणि मी तिथे गेले की मला जिन्यात गाठायच्या. मी कुणाला अडवलं नाही. खरं तर मला ते ऐकायला बरं वाटायचं. संक्रांतीला त्या आल्या, मुक्ताच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिने घेतला, तोंडात टाकला, आणि आतल्या खोलीत गेली. त्या चहा पिऊन निघाल्या. जाताना दाराच्या बिजागरीचा एक स्क्रू निघालाय, एवढं सुनीलला सांगून गेल्या.

दीड-दोन महिने मुक्ता त्या पटांगणात गेली नाही. सरांकडे जायची, गाण्यावरचं करायची, पण गोल नाही. मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती घरी नव्हती आणि स्केट्सही नव्हते. मी जेल रोडला गेले. फाटकातूनच दिसलं. ती गोलाच्या मधोमध उभी होती आणि वन्सं नेहमीच्या जागी कडेला.

"त्या दिवशी," मुक्ता विचारत होती, "उजव्या गोलात मी नक्की किती वेळा बाहेर गेले होते?"

"चार."

"मी तीन मोजले."

"चौथी अगदी शेवटी. थांबताना."

मुक्ताने विचार केला. मग त्या जागी गेली, पाय उचलला आणि तेवढाच तुकडा पुन्हा फिरली. वन्सं रेघेजवळ वाकून बघत होत्या. मी आत गेले नाही. तशीच मागे वळून घरी आले.

मुक्ता त्यानंतर तीन वर्षं खेळली. दोनदा परत देशपातळीला गेली. एकदा पाचवी आली, एकदा पहिल्याच उडीत पडली. पदक मिळालं नाही. मग दहावी आली, बारावी आली, आणि बहुतेक मुलांचं होतं तसं तिचंही स्केटिंग सुटलं. दोन्ही वेळा वन्सं आमच्याबरोबर होत्या. दोन्ही वेळा आम्ही सगळे डबा संपेपर्यंत जेवलो. पण चंडीगडचा विषय कुणी काढला नाही. माझ्या आणि त्यांच्यात तर नाहीच. मी त्यांच्याशी नीट वागायचे, सणाला साडी द्यायचे, दवाखान्यात न्यायचे. फक्त काहीतरी होतं, घशात अडकलेल्या कुसासारखं.

निवृत्त झाल्यावर त्या जेल रोडची जागा भाड्याने देऊन निफाडला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. बहिणीच्या घरची द्राक्षबाग आहे. मला वाटलं, यांचा वेळ कसा जाणार. पण तिथे पॅकिंगच्या शेडमध्ये बाहेरदेशी जाणारे घड साफ करायचं काम चालतं. खराब मणी, तडकलेले, लहान राहिलेले, सगळे कात्रीने काढून टाकायचे. बायका रांगेने बसून दिवसभर तेच करतात. पमावन्सं दुसऱ्या दिवसापासून त्या रांगेत जाऊन बसल्या.

गेल्या वर्षी श्रावणात त्या गेल्या, झोपेतच. त्याआधी फेब्रुवारीत मी आणि मुक्ता एसटीने त्यांना भेटायला गेलो होतो. शेडमध्ये केसांवर कागदी टोपी, अंगात अॅप्रन, अशा त्या टेबलाशी बसल्या होत्या. मुक्ता बागेत फिरायला गेली. मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसले आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिले. घड उलटा धरायच्या, कात्रीचं टोक आत घालायच्या, एकच मणी अलगद खाली पडायचा. शेजारच्या मण्याला धक्का नाही.

मी ठरवून गेले नव्हते. बोलले. "वन्सं, चंडीगडला मी तुम्हाला म्हटलं होतं, राहू द्या म्हणून."

कात्री चालूच होती. "म्हटलं होतंस."

"माझं चुकलं."

त्यांनी घड टेबलावर ठेवला. "मी तो कागद तीनदा वाचला होता, आठवतं?"

"तुम्ही सगळंच तीनदा वाचता."

"नाय गं. मी एकदाच वाचते. प्रेसमध्ये तीस वर्षं एकदाच वाचलं, दुसऱ्यांदा बघायला वेळ कुणाला असतो? तिथे पण पहिल्यांदाच दिसलं होतं." मनातलं बोलताना त्यांची भाषा गावाकडची व्हायची. "पुढं दोनदा वाचलं ना, ते दिसू नये म्हणून. वाटलं, आपलं चुकत असंल. आपल्याला नाय दिसलं असं होईल. पोरीचा फोटो काढणं चाललं होतं तिकडं, हसत होती. आणि मग तू आलीस आणि म्हणालीस, राहू द्या. माझ्याच मनातलं बोललीस तू. ते ऐकलं आणि मला लय भ्या वाटलं. वाटलं, आता अजून इथं उभी राहिले तर ऐकंन तुझं. म्हणून निघाले."

खाली पडलेला एक मणी मी उचलून टेबलावर ठेवला.

"मुक्ताला सांगू का हे?" मी शेवटी विचारलं.

"कशाला. तिला वाटू दे, आत्या पक्की आहे." त्यांनी दुसरा घड उचलला. "बस किती वाजताची तुमची?"

निघताना त्यांनी कात्रीने काढलेल्या मण्यांची पिशवी भरून दिली. बाहेरदेशी चालत नाहीत, पण खायला गोड असतात, म्हणाल्या. रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. बसला उशीर होता. शेडमधून त्यांना दोनदा हाक आली, त्या गेल्या नाहीत. तिघी रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसून द्राक्षं खात राहिलो. मुक्ता त्यांना कॉलेजचं काहीतरी सांगत होती आणि त्या ऐकत होत्या.

बस आली. मुक्ता वाकून त्यांच्या पाया पडली. वन्संचे दोन्ही हात द्राक्षांच्या रसाने चिकट झाले होते, टिपायला काही नव्हतं. त्यांनी बोटं वर धरली, मनगटं वळवली आणि आपला हात कोपराजवळून मुक्ताच्या डोक्यावर टेकवला. मुक्ता उठली नाही, आणि त्यांनीही हात उचलला नाही. कंडक्टर म्हणाला, "चला ताई," तरी दोघी तशाच होत्या. त्याने घंटी वाजवली तेव्हा कुठे त्यांनी हात काढून घेतला.